याले तुमी काय म्हनता?

वडनेरकर सरांनी आयुष्यात कुणाला सरळ पत्ता सांगितल्याचं मला आठवत नाही. पत्ता विचारणाऱ्यालाच ते आधी काहीतरी विचारीत. माझी त्यांची पहिली भेट अशीच झाली. वैशाखातली दुपार होती. देऊळगाव राजाहून गाड्या बदलत मी नांदुऱ्याला उतरलो होतो. एका हातात ट्रंक, दुसऱ्या हातात वळकटी. स्टँडवर चिटपाखरू नव्हतं. कडुलिंबाखाली एक किडकिडीत गृहस्थ उभे होते. काळी टोपी, धोतर, आणि कानावर पेन्सिल. मी विचारलं, "ग्रंथपालांचा वर्ग कुठं भरतो, सांगता का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. रस्त्यापलीकडे नांगरून ठेवलेली काळी जमीन होती, तिकडं बोट करून म्हणाले, "याले तुमी काय म्हनता?"

"शेत," मी म्हणालो. मॅट्रिक झालेला माणूस होतो.

"शाळेत म्हनता ते नाही. घरी काय म्हनता?"

"रान."

त्यांचा चेहरा एकदम उजळला. खिशातून एक कोरी चिठ्ठी निघाली, कानावरची पेन्सिल हातात आली. "आमी वावर म्हनतो. तुमी रान म्हनता. वा. गाव कोनतं तुमचं? अन् नाव?" दोन्ही लिहून झाल्यावर त्यांनी माझी वळकटी आपल्या खांद्यावर टाकली आणि काही न सांगता चालू लागले. मी ट्रंक घेऊन मागं. दीड-दोनशे पावलांवर कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनाच्या आवारातली बैठी शाळा आली. ते आत गेले, वळकटी कोपऱ्यात ठेवली, फळ्यासमोर उभे राहिले, आणि तेव्हा मला कळलं की ज्यांच्या हाताखाली शिकायला मी एवढ्या लांबून आलो, त्यांनाच मी हमाल केलं होतं.

नवं महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. गावोगाव वाचनालयं निघत होती, पण पुस्तकं कशी लावावीत हे कुणालाच ठाऊक नव्हतं. उंचीप्रमाणे लावत, रंगाप्रमाणे लावत, आमच्याकडे तर ज्यानं दिलं त्याच्या मानाप्रमाणे लावलेली होती. आमच्या भागात ग्रंथपालाचं शिक्षण मुंबईला जाऊन रीतसर घेऊन आलेले मला माहीत असलेले पहिले गृहस्थ म्हणजे वडनेरकर सर. तिकडून आल्यावर बाकीचे लोक वकील होतात, सर सायकलवरून खेडोपाडी कपाटं लावत फिरले. मग त्यांनी हा वर्ग काढला. दर उन्हाळ्यात दोन महिने, एकट्यानं. शिकवणार तेच, घंटा वाजवणार तेच, माठ भरणारही तेच. एका मोठ्या शहरातल्या कॉलेजनं त्यांना प्राध्यापक म्हणून दोनदा बोलावलं होतं. दोन्ही वेळा त्यांनी पोस्टकार्डावर उत्तर धाडलं, की इकडचे शब्द संपले म्हणजे येतो.

त्या वर्षी आम्ही अकरा जण होतो. माझी गोष्ट सोपी होती. आमच्या गावच्या वाचनालयात ग्रंथपालाची खुर्ची रिकामी होती, आणि चिटणीस म्हणाले होते की आषाढ लागायच्या आत सरकारमान्य प्रमाणपत्र आणलंस तर खुर्ची तुझी, नाहीतर अध्यक्षांचा भाचा तयारच आहे. घरात मी थोरला. वडिलांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. आणि अडचण अशी की सरांचा वर्ग तोवर सरकारमान्य नव्हताच. त्यांच्या सहीच्या कागदाला नांदुऱ्याबाहेर कुणी विचारीत नसे. त्या साली मात्र सरकारकडून एक साहेब वर्ग पाहायला येणार होते. त्यांनी पसंती दिली तर आमचे कागद पक्के होणार होते. म्हणून मी आलो होतो, आणि येताना आईनं बालाजीला नारळ बोलला होता.

पहिला आठवडाभर सरांनी आम्हांला पुस्तकाला हात लावू दिला नाही. रोज सकाळी आम्हांला बाजारपेठेत धाडत. किराणा दुकानाच्या पायरीवर बसायचं आणि गिऱ्हाईक काय मागतं ते शब्दशः लिहायचं. एक बाई सांबार मागे, दुसरी कोथिंबीर मागे, दुकानदार दोघींनाही एकच सांगे, पलीकडं माळणीकडे जा. कुणी फल्ली म्हणे, कुणी शेंगदाणे. दुकानदाराचा हात न बघता बरोबर त्याच पोत्यात जाई.

"पाह्यलं?" सर म्हणत. "त्यानं कोनाले म्हनलं का, की शुद्ध बोल, मंग देतो? इचारनारा कदी चुकत नसते. आपलं कार्ड कमी पडते."

हे त्यांचं पालुपद होतं, आणि त्यातलं कार्ड काय ते सांगायला हवं. वाचनालयात प्रत्येक विषयाचं एक कार्ड खणात असतं. पुस्तक कोणत्या फळीवर आहे, ते त्यावर लिहिलेलं असतं. आता कार्डावर 'शेती' लिहिलं असेल आणि माणूस 'वावर' म्हणत आला, तर त्यानं काय शोधावं? म्हणून 'वावर' असं आणखी एक कार्ड करायचं आणि त्यावर लिहायचं, 'पाहा: शेती'. ही रीत सगळीकडेच आहे. पण इतर लोक ती मिठासारखी वापरतात, सरांनी ती पिठासारखी वापरली होती. वावर पाहा शेती. रान पाहा शेती. पऱ्हाटी पाहा कापूस. इस्तो पाहा अग्नी. चहाच्या खोक्यांच्या फळ्यांचं एक कपाट त्यांनी स्वतः ठोकून केलं होतं, त्याला चोवीस खण, आणि त्यांतले वीस खण नुसत्या 'पाहा' कार्डांनी भरलेले. प्रत्येक कार्डाच्या पाठीवर, मुंगीएवढ्या अक्षरात, तो शब्द ज्यानं दिला त्याचं नाव आणि गाव.

वर्ग भरे दुपारी. सगळं नांदुरं दारं लोटून झोपलेलं असे, नेमकं त्याच वेळी. जिनाचा हंगाम संपला होता, पण आवारात कुठंतरी चुकलेला कापूस असायचाच. वाऱ्याची झुळूक आली की तो उचलला जाई आणि खिडकीतून आत येऊन आमच्यावरून सावकाश तरंगत जाई. पत्र्यावर कबुतरं घुमत. मेन लाइनवरून मालगाडी जायला लागली की ती संपतच नसे, आणि ती जाईपर्यंत सर बोलायचं थांबवून डोळे मिटून उभे राहत. पुन्हा बोलू लागले की मधलंच वाक्य कुठून तरी पुढं चालू होई. आम्ही निम्मे झोपेत असू. आजही कार्ड कसं लिहावं याचे नियम मला झोपेत ऐकल्यासारखे आठवतात, आणि गंमत म्हणजे एकही चुकत नाही.

ते आम्हांला नावानं हाक मारीत नसत, गावानं मारीत. मी देऊळगाव. माझ्या शेजारी हिवरा, म्हणजे हिवरा आश्रमाच्या बाजूचे गुलाबराव मास्तर. वय पन्नाशीचं, मिशा पांढऱ्या. गुलाबराव भांडखोर होते. म्हातारीला बुढी म्हणावं की बुडी, यावर मलकापूरच्या एका पोराशी त्यांनी दोन दिवस अबोला धरला. सरांनी दोन्ही कार्डं केली. "तुमी बी खरे, ते बी खरं," ते म्हणाले. गुलाबरावांना ते मुळीच पटलं नाही. एकाच वेळी दोघं खरे असू शकतात ही गोष्ट त्यांना अखेरपर्यंत लबाडीची वाटली.

जेवायला मी सरांकडे जात असे. घरात सर आणि काकू दोघंच. मूलबाळ नव्हतं. फडताळात, कोनाड्यात, खाटेखाली डबे होते, आणि सगळ्या डब्यांत कार्डं. काकू भाकरी वाढता वाढता म्हणायच्या, "घरात चाळीस डबे हायेत, देऊळगाव, पन पोहे ठेवाले डबा नाही मले." काकूही मला देऊळगावच म्हणत.

एकदा त्यांनी लग्नाची हकीकत सांगितली. सर मुलगी पाहायला गेले, तेव्हा त्यांनी मुलीला नाव विचारलं नाही, शिक्षण विचारलं नाही. पोह्यांवरची हिरवी पानं दाखवून म्हणाले, याले तुमी काय म्हनता? काकू म्हणाल्या, सांबार. सरांनी चिठ्ठी काढली आणि लिहून घेतलं. "मले वाटलं, मानूस येडा हाये," काकू म्हणाल्या. "मंग वाटलं, येडा असंन, पन मले इचारून तं राह्यला. माह्या घरी मले तोवर कोनीच काही इचारलं नव्हतं."

सर खाली मान घालून जेवत होते. म्हणाले, "अन् तिची माय धने म्हने. पाल्याले बी धने, दान्याले बी धने. ते कार्ड येगळं हाये."

साहेब येण्याची तारीख ठरली तसा माझा जीव वरखाली व्हायला लागला. सरांना त्याचं काही विशेष नव्हतं. त्यांनी आम्हांला विषय वाटून दिले आणि सांगितलं, आपापल्या विषयाची कार्डं करून खणात लावा, साहेब कोणतंही काढून पाहतील. आम्हां चौघांच्या वाट्याला आरोग्य आलं. तेव्हा मलेरियाची मोहीम चालू होती, घरोघर फवारणी होई, आणि वाचनालयात त्यावरची एक चांगली जाडजूड पुस्तिका होती. आम्ही चौघांनी ठरवलं की सर खूश होतील असं काम करायचं. चार गावचे चार शब्द होते, एकेकानं एकेक कार्ड घेतलं. मुख्य कार्ड, म्हणजे ज्यावर फळीचा क्रमांक लिहायचा ते, माझ्याकडे होतं. ते हिवताप या नावाखाली करायचं ठरलं होतं. आणि मी, त्या दोन महिन्यांत ज्याच्या हाताला 'पाहा' लिहायचं वळणच पडलं होतं, त्यावरही 'पाहा' लिहून मोकळा झालो.

साहेब आले ते पुण्याकडचे. गोरेपान, मृदू बोलणारे, घाम टिपायला दोन रुमाल. ते मुळीच खडूस नव्हते, हे मला आवर्जून सांगायचं आहे. त्यांनी वही पाहिली, फळ्यावरचं अक्षर पाहिलं, गुलाबरावांच्या वयाची आदरानं चौकशी केली. मग कपाटापाशी येऊन सहज म्हणाले, "समजा, मला मलेरियावर काही वाचायचं आहे."

आणि त्यांनी स्वतःच खण ओढला. 'मलेरिया, पाहा: हिवताप.' साहेब म्हणाले, उत्तम. दुसरा खण ओढला. 'हिवताप, पाहा: थंडीताप.' ते माझं अक्षर होतं. साहेबांनी तिसरा खण ओढला. 'थंडीताप, पाहा: हिव.' चौथा खण खालच्या ओळीत होता, त्यासाठी ते उकिडवे बसले. 'हिव, पाहा: मलेरिया.'

साहेब उठले आणि पुन्हा पहिल्या खणाकडे गेले. त्यांना वाटलं आपलंच काही चुकलं. त्यांनी अख्खी फेरी दुसऱ्यांदा पुरी केली. तिसऱ्यांदा 'मलेरिया'वर हात ठेवून ते म्हणाले, "वडनेरकर, रोगी बरा होईल हो एवढ्यात. किंवा जाईल तरी."

मी उठून उभा राहणार होतो. सरांनी माझ्याकडे न पाहता हाताच्या तळव्यानं खाली बस अशी खूण केली. "माही चूक हाये, साहेब," ते म्हणाले. "म्या तपासली नाही."

साहेब खुर्चीवर बसले. त्यांनी बरेच खण उघडून पाहिले, आणि जसजसे पाहत गेले तसा त्यांचा चेहरा अवघडत गेला. शेवटी म्हणाले की वर्ग उत्तम आहे, शिस्त आहे, मुलं हुशार आहेत. पण ही बोलीभाषेची कार्डं शासनमान्य वर्गात चालायची नाहीत. उद्या वरून कुणी आलं तर हसेल. सूची प्रमाण भाषेत हवी, एका विषयाला एक शब्द. "ही तेवढी कपाटातून काढा. माझी गाडी उद्या सकाळची आहे. जाण्यापूर्वी कपाट पाहतो आणि अकराही कागदांवर सही करतो. नाहीतर मग पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी म्हणजे माझ्या खुर्चीवर अध्यक्षांचा भाचा. मी जमिनीकडे पाहत होतो.

सरांनी विचारलं, "साहेब, तुमच्या घरी हिवतापाले काय म्हनत?"

"आमच्याकडे? हिवतापच." साहेबांनी रुमालानं कपाळ टिपलं. "माझी आजी हुडहुडी म्हणायची."

सरांचा हात खिशात गेला, चिठ्ठी निघाली. "हुडहुडी. आजीचं नाव काय? अन् गाव?"

साहेबांनी नाव सांगितलं. वाईजवळचं कुठलंसं गाव सांगितलं. सांगून झाल्यावर त्यांनाच हसू आलं, आणि ते दोन्ही रुमाल सावरत मुक्कामाला निघून गेले. जाताना म्हणाले, "पण काढा बरं का."

"काढतो," सर म्हणाले.

आम्हांला वाटलं होतं सर वाद घालतील, भांडतील, कपाटासमोर आडवे पडतील. काही नाही. त्यांनी पहिला खण ओढून सतरंजीवर उपडा केला. तेव्हा गुलाबराव उठले. "सर, काऊन काढता? माह्या कागदाचं जाऊ द्या. मी मास्तर हावो, मास्तरच राहीन. पंचवीस वर्साचं काम हाये तुमचं."

"तुमी मास्तर हा, गुलाबराव. तुमचं भागते," सर म्हणाले. "हा देऊळगाव नाही मास्तर. याच्या बापाले दिसत नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वडिलांच्या डोळ्यांचं मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. काकूंजवळ एकदा बोललो होतो, तेवढंच.

ती दुपार मी विसरणार नाही. अकरा माणसं सतरंजीवर बसून कार्डं वेगळी करत होती. काम अर्ध्या तासाचं, पण सर प्रत्येक कार्ड उलटून पाठ वाचत. "फल्ली. जळगाव जामोदची बुढी होती. दात नव्हते तिले, फल्ली म्हने अन् हासे." "इस्तो. हा आपला न्हावी." "रान. हे देऊळगाव, पाह्य, तुहं." वाचून झालं की कार्ड बाजूला. कुणी घाई केली नाही. बाहेर मालगाडी गेली तेव्हा सवयीनं सगळेच थांबले. कापसाचा एक पुंजका आत आला, कार्डांच्या ढिगावर बसला आणि तिथंच राहिला.

पाच वाजता बाकीचे चहाला गेले. मला त्यांना तोंड दाखवायची लाज वाटत होती, मी बसून राहिलो. शेवटच्या खणात तळाशी एक कार्ड चिकटलं होतं, पिवळं पडलेलं, कडा झिजलेल्या. 'हगवण, पाहा: अतिसार.' मी पाठ पाहिली. कोरी होती.

"सर, याच्या मागं नाव नाही."

त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं. मग बोलले ते माझ्याशी की त्या कार्डाशी, मला सांगता येणार नाही.

"मी मुंबईहून नवा नवा आल्तो. खामगावले वाचनालयात बसलो. कोट घालून, या अशा उन्हात. समोर एक वकील पेपर वाचून राह्यले होते. दारात एक बाई आली, काखेत लेकरू. आत नाही आली, उंबऱ्याबाहेरच उभी राह्यली. म्हने, बापू, पुस्तकात पाहून सांग, लेकराले तीन दिवसांची हगवन लागली, काय देऊ? वकिलानं पेपर खाली केला अन् हासला. मले लाज वाटली, देऊळगाव. त्या शब्दाची. माह्या मायच्या तोंडचा शब्द, मले का मालूम नव्हता? पन म्या खालचं कार्ड पाह्यल्यासारखं केलं अन् म्हनलं..." इथं सरांचा आवाज बदलला, मी कधी न ऐकलेली स्वच्छ पुस्तकी मराठी त्यांच्या तोंडून आली. "'क्षमा करा, या विषयावरील ग्रंथ आमच्याकडे उपलब्ध नाही.' तिले ते समजलंबी नसंन. म्या मान हलवली, ते समजलं. गेली."

"आणि पुस्तक?"

"माह्या पाठीमागच्या फळीवर होतं. संध्याकाळी हाताले लागलं. चार ओळी होत्या. तांदळाची पेज, चिमूटभर मीठ, घोट घोट. येवढंच सांगाचं होतं. सायकल काढली, स्टेशन पाह्यलं, दवाखाना पाह्यला, सरकी बाजार पाह्यला. कोनाले इचारू? नाव मालूम नाही. गाव मालूम नाही."

"मग त्या लेकराचं..."

"तेच तं मालूम नाही," सर म्हणाले. कार्ड खिशात ठेवून म्हणाले, "काकूले सांगतलं नाही म्या हे. तू बी सांगजो नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वर्गात आलो तर टेबलावर सुतळीनं बांधलेले अकरा गठ्ठे होते. प्रत्येकावर एकेका गावाची चिठ्ठी. सर रांगेत एकेकाच्या हातात गठ्ठा देत होते. "साहेबानं कपाटातून काढा म्हनलं," ते म्हणाले. "जिल्ह्यातून काढा नाही म्हनलं. आपापल्या गावी लावा." गुलाबरावांनी आपला गठ्ठा कपाळाला लावला आणि लगेच सोडून पाहिला, बुढी आहे की बुडी. दोन्ही होती.

साहेब आले. कपाट पाहिलं, चार खण भरलेले, वीस रिकामे. गठ्ठे पाहिले. खाली बसून अकरा कागदांवर सह्या केल्या, पेनचं टोपण लावलं, आणि निघता निघता दारात वळून विचारलं, "हुडहुडी कुणाकडे गेली?"

"देऊळगावकडे," सर म्हणाले. "तिथून घाट उतरला की तुमचीच बोली लागते." भूगोल साफ चुकीचा होता, पण साहेबांनी मान डोलावली.

दुपारच्या गाडीनं मी निघालो. सर पोचवायला आले, वळकटी पुन्हा त्यांच्याच खांद्यावर. मी देऊ पाहत होतो, ते ऐकेनात. स्टँडवर मला राहवलं नाही. "सर, ते एक कार्ड माझ्या गठ्ठ्यात नाही. बाकीच्यांतही नव्हतं."

"ते देता येत नाही," ते म्हणाले. "त्याच्या मागं नाव लिहाचं बाकी हाये."

गाडी लागली होती. मी चढलो, जागा धरली, ट्रंक सरकवली. माझ्या पुढच्या बाकावर खिडकीशी एक बाई बसली होती. लांबच्या खेड्यातली असावी, पायाशी टोपली, मांडीवर तान्हं लेकरू, वरून पदर. सर त्या खिडकीपाशी गेले. मला वाटलं, आता टोपलीकडं नाहीतर पदराकडं बोट दाखवून ते आपला प्रश्न विचारणार. मी दोन महिने समजत होतो की हा माणूस शब्द गोळा करतो आहे.

त्यांनी पेन्सिल काढली नाही. ते हळूच म्हणाले, "लेकराले बरं हाये न, बाई?"

बाईनं पदर जरा बाजूला करून पाहिलं. "हाव जी," ती म्हणाली. "झोपलं हाये."

"झोपू द्या," सर म्हणाले. खिडकीतून ऊन सरळ लेकराच्या तोंडावर येत होतं. सरांनी डोक्यावरची टोपी काढून आडवी धरली, आणि गाडी सुटेपर्यंत ते तसेच उघड्या डोक्यानं उन्हात उभे राहिले.